अर्ध्या तासाचं काम

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, कुठल्याही कामाला किती वेळ लागेल असं विचारा, उत्तर एकच: "अर्ध्या तासाचं काम." मिक्सर असो, कूलर असो, नाहीतर सहा मजली इमारतीचा पाण्याचा पंप असो. अर्धा तास. ताईने लग्नानंतर पहिल्या महिन्यात या अर्ध्या तासावर विश्वास ठेवून दोन ताटं वाढून ठेवली होती. त्यानंतर ती ताटं झाकून ठेवायला शिकली.

भाऊजींचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार कापून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायची आणि पुन्हा बंद करायची. दुकान एवढंसं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा. भिंतीला खिळ्यांवर तारांची वेटोळी, खाली गिऱ्हाइकांचे पंप, आणि मधोमध स्टुलावर भाऊजी, चष्मा कपाळावर आणि पकड तोंडात. त्यांच्या अंगाला वार्निशचा वास येतो. साबणाने जात नाही, अत्तराने तर आणखी भडकतो.

ज्या वस्तादाकडे ते शिकले, त्याचा एक नियम होता: उघडलेलं यंत्र उघडं टाकून उठायचं नाही. जेवण राहिलं तरी चालेल, घरी पाहुणे आले तरी चालेल, पण उघडलंस तर बंद करून ऊठ. भाऊजींनी देवाधर्माचं फारसं काही पाळलं नाही, पण हे मात्र जन्मभर पाळलं.

आणि त्यांचे कान! चालत्या मोटारीचा आवाज कानावर पडला की समोरचं माणूस गेलं. बोलता बोलता मान एका बाजूला कलते, डोळे बारीक होतात. आपण आपलं दुःख सांगत असतो आणि ते म्हणतात, "तुमच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर दमलाय." माझ्या नणंदेच्या लग्नात नवरीला हार घालायच्या वेळी हे मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे बसलेले सापडले. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "भाऊजी, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची त्यानंतरही जायची नाही. स्मशानातसुद्धा उठून विचाराल, पंखा कोणी बसवला?" ते हसले होते. माझ्या बोलण्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, म्हणून तर मी बोलत राहिले.

आता ताईचं सांगते. आम्ही दोघी ज्या आईच्या हाताखाली वाढलो तिचंही एक शास्त्र होतं. कुठलीही गोष्ट एकदाच मागायची. दिली तर आपली. नाही दिली, किंवा समोरच्याला ऐकूच गेलं नाही, तरी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. "मागून मागून मिळालेल्याला चव नसते," असं आई म्हणायची. माझ्यावर या शिकवणीचा काही परिणाम झाला नाही. मी दहादा मागते आणि अकराव्यांदा भांडते. ताई मात्र आईची लेक निघाली.

तिच्या डोळ्यांचं दुखणं हळूहळू लक्षात आलं. आधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मग बाजूला ठेवलेला पेला कोपराने पडायचा. आम्ही तिला धांदरट म्हणून हसायचो. संध्याकाळी बाहेर पडायचं तिने बंद केलं. विचारलं तर म्हणायची कंटाळा आला. शेवटी तिच्या मुलीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, भाऊजीही गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं. पडदा आतून झिजत चाललाय, औषध नाही. आधी कमी उजेडातलं दिसणं जातं, मग कडेचं, मधलं सगळ्यात शेवटी. आत्ता भर दिवसा समोरचं चांगलं दिसतंय, तेही दोनतीन वर्षं टिकेल, फार तर.

हे सगळं भाऊजींनी ऐकलं. पण डॉक्टरांच्या डोक्यावरचा एसी खडखडत होता, आणि कमी उजेडाचं वाक्य नेमकं त्या खडखडाटाखाली गेलं. त्यांच्या कानात उरलं ते एवढंच, की दोनतीन वर्षं टिकेल. घरी सगळीकडे ट्यूबलाइट. त्या उजेडात ताई स्वयंपाक करते, पेपर वाचते, भाजी निवडते, हे ते रोज बघत होते. दिवेलागणीनंतर रस्त्यावर तिची काय अवस्था होते हे बघायला ते तेव्हा कधी घरी असायचे?

घरी आल्यावर ताईने मागितलं. तिने समुद्र पाहिला नव्हता. आमचं गाव समुद्रापासून दिवसभराच्या प्रवासावर, आणि दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ असं ठरायचं. ती म्हणाली, "दिसतंय तोवर मला समुद्र बघायचाय. तुमच्याबरोबर." एवढंच, एकदाच. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "जाऊ. या महिन्यातच जाऊ."

भाचीने फोनवरून जागा ठरवली. किनाऱ्यालगतच्या जंगलात एक लॉज होतं, लाकडाच्या सुट्या खोल्या, प्रत्येकीला पुढे ओसरी. लॉज म्हटल्यावर भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. "लॉजवर काय चांगली माणसं जातात?" भाचीने फोटो दाखवले तेव्हा कुठे ती उतरली. निघताना त्यांच्या पिशवीत मला पाने, पेचकस आणि बेअरिंग उपसायचा पुलर दिसला. मी म्हटलं, "हे काय? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर?" ते म्हणाले, "असू दे गं धाकटे. गाडी बंद पडली वाटेत, तर?" ताई म्हणाली, "असू दे." ती त्या दिवशी कशालाच नाही म्हणाली नसती.

ते पोचले तेव्हा अंधार पडला होता. जेवले आणि झोपले. सकाळी ताई भाऊजींच्या आधी उठून, अंघोळ करून, ओसरीत बसली होती. झाडी इतकी दाट की समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. किनाऱ्याची वाट खोलीमागूनच उतरत होती, मुळांमधून वळणं घेत, मध्ये मध्ये ओल्या लाकडी पायऱ्या. ताईला पायाजवळचं दिसायचं कमी झालं होतं, तेव्हा एकटीने उतरणं शक्य नव्हतं. आणि डोळ्यांचं तिथे कोणाला सांगायचं नाही, हे तिने भाऊजींना आधीच बजावलं होतं. लोकांची कीव तिला नको होती.

चहा आला. भाऊजींनी कप उचलला आणि त्यांची मान एका बाजूला कलली.

"ऐकलंस? पंपाचं बेअरिंग गेलंय."

"असेल," ताई म्हणाली.

"नुसतं बघून येतो. तुझा चहा होईपर्यंत आलोच."

पाण्याच्या टाकीखाली पंप घरघरत होता. लॉजची मालकीणबाई तिथेच होती. तिने स्वच्छ सांगितलं, "आवाज करतो, पण चालतोय. आमचा माणूस सोमवारी येणार आहे." भाऊजी म्हणाले, "सोमवारपर्यंत शाफ्ट खाऊन टाकेल तो. अर्ध्या तासाचं काम आहे, बाई. बाजूला व्हा."

आता ही नसती उठाठेव कोणी सांगितली होती? पण या माणसाला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, आणि जन्मभर लोकांनी "तुमच्यामुळे अडचण भागली" असं म्हणून ती हौस पोसलेली. त्यांनी पंप उघडला. समुद्राजवळचं लोखंड त्यांनी आयुष्यात हाताळलं नव्हतं. खारट हवेने सगळं आतून गंजलेलं. पहिलाच बोल्ट फिरवला तर त्याचं डोकं तुटून हातात आलं. बेअरिंगला पुलर लावला तर बेअरिंगचेच तुकडे झाले. घरघरत का होईना पण चालणारा पंप आता सतरा तुकड्यांत जमिनीवर पडला होता, आणि लॉजमध्ये पाण्याचा थेंब नव्हता.

मग सुरू झालं रामायण. लॉजच्या गाडीने जवळच्या गावात जाऊन बेअरिंग आणलं, ते बसेना. बदलून आणलं, ते बसलं तर सील गळायला लागलं. सील आणलं तर तुटलेला बोल्ट आतून निघेना. पाहुणे बादल्या घेऊन विहिरीवर. कोणीतरी साबण लावलेल्या अंगाने खोलीच्या दारात उभं राहून ओरडत होतं. मालकीणबाई मधूनमधून येऊन उभी राहायची आणि जायची. भाऊजींची मान शरमेने खाली. उघडं यंत्र टाकून उठायचं नाही हे तर होतंच, आता ते उघडं पडलं होतं तेही त्यांच्याच हाताने.

मध्येच ते काळ्या हातांनी ओसरीपाशी यायचे. "झालंच बघ आता. संध्याकाळी नक्की." संध्याकाळी यायचे. "उद्या सकाळी पहिलं काम तेच. समुद्र काय पळून चाललाय?" ताई हसायची आणि म्हणायची, "तुमचं आवरू दे."

एकदा तरी म्हणायचं होतंस की गं बाई! एकदा तरी पाय आपटून म्हणायचं होतं, की आग लागो त्या पंपाला, मला घेऊन चला. मी असते तर पुलर उचलून झाडीत फेकला असता. पण तिने मागून झालं होतं. तिच्या हिशेबी आता पाळी भाऊजींची होती.

खोल्या आवरायला एक मावशी यायच्या. त्यांना दिसत होतं, की ही बाई दिवसभर ओसरीत बसून आहे. त्या म्हणाल्या, "चला ना, मी नेते. वाट वाईट आहे, पण मी हात धरते तुमचा." ताई म्हणाली, "नको, हे येतील." दुसऱ्या दिवशी मावशींनी पुन्हा विचारलं. ताईने पुन्हा तेच सांगितलं. हे मला नंतर तिनेच सांगितलं, आणि तेही हसत, की किती प्रेमळ बाई होती बघ.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवस कलल्यावर, पंप सुरू झाला. काय आवाज होता, भाऊजी सांगतात, मांजर घुरघुरतं तसा. टाकीत पाणी पडायला लागलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मालकीणबाई पहिल्यांदा हसली आणि तिने स्वतः चहा करून आणला. भाऊजी चहा पीत तिला खाऱ्या हवेत ग्रीस किती दिवसांनी बदलावं हे समजावत बसले. समजावता समजावता त्यांचं लक्ष झाडांकडे गेलं. वरची पानं लाल झाली होती. ते कप ठेवून धावत सुटले.

"चल, चल लवकर! सूर्य बुडायच्या आत!"

ताई लगेच उठली. झाडीतल्या वाटेवर अंधारून आलं होतं. तिने दोन्ही हातांनी भाऊजींचा दंड धरला, घट्ट. ते मला म्हणाले, "धाकटे, मला वाटलं, इतक्या वर्षांत तिने असा हात धरला नव्हता. मला बरं वाटलं गं. मूर्ख माणूस मी. मला बरं वाटलं."

ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. पण उजेड होता. म्हणजे तुम्हाआम्हाला पुरेल इतका. आकाश तांबूस, पाणी राखाडी, लाटांच्या कडा पांढऱ्या, सगळं नीट दिसत होतं. भाऊजी म्हणाले, "बघ!" ताई आवाजाकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "किती मोठा आहे, नाही?"

मग एक मोठी लाट आली. भाऊजींना ती लांबूनच दिसली, ते मागे सरकले. ताई हलली नाही. फेस तिच्या पायापाशी आला तरी हलली नाही. पाणी गुडघ्यांवर आपटलं तेव्हा ती दचकून ओरडली, आणि मग हसायला लागली, "अगं बाई, किती गार!" भाऊजी तिच्या शेजारी गेले. त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला आणि हलवला. ती त्या हाताच्या आरपार समुद्राकडे तोंड करून हसत होती. "छान आहे हो," ती म्हणाली. "आणलंत मला."

तेव्हा डॉक्टरांचं ते वाक्य, एसीखाली दबलेलं, त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं.

त्यांनी हात खाली घेतला. तिला धरून वर आणलं. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी दुपारची होती. अख्खी सकाळ हातात होती. वाट कोरडी होती, ऊन लख्ख होतं. भाऊजी उठले, चहा घेतला आणि म्हणाले, "पंप एकदा बघून येतो." पंप उत्तम चालला होता. ते त्याच्याजवळ दगडावर बसून राहिले. का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिच्याकडे बघवत नव्हतं. चल म्हटलं असतं तर तिला कळलं असतं, की मला कळलंय. काय तोंडाने म्हणू?" गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ते उठले.

घरी आल्यावर सगळे जमलो. ताईने समुद्राचं वर्णन केलं. निळाशार, मध्ये हिरवा पट्टा, लांबवर शिडाच्या होड्या. माझ्या भाचीने विचारलं, "बाबा आले ना गं तुझ्याबरोबर?" ताई म्हणाली, "म्हणजे काय! रोज जायचो." भाऊजी चहा अर्धा टाकून दुकानात निघून गेले. मला वाटलं, कुणाची तरी मोटार राहिली असेल.

खरं काय ते त्यांनी मला काही महिन्यांनी सांगितलं. मी दुकानात माझ्या शिलाई मशीनची मोटार न्यायला गेले होते. बोलता बोलता त्यांचे हात थांबले आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. मी त्यांना फाडफाड बोलले. मग म्हटलं, "अजून दिवसाचं दिसतंय ना तिला? परत न्या. उद्याच न्या."

"विचारलं गं," ते म्हणाले. "दोनदा विचारलं. ती म्हणते, पाहिला की एकदा, परत कशाला? आता मी कसं म्हणू, की तू पाहिला नाहीस?"

"असंच म्हणायचं! तोंड आहे ना?"

त्यांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. ते खोटं मी उघडं पाडू?" मी मोटार उचलून निघून आले. नवराबायकोच्या मधे किती शिरायचं? एकजण बोलत नाही दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून, दुसरा बोलत नाही पहिलीला वाईट वाटेल म्हणून, आणि मधल्या मधे दिवस चाललेले.

डोळे गेलेच. डॉक्टरांनी म्हटलं होतं त्याहून लवकर गेले. मधला घेर आवळत आवळत बटणाएवढा झाला, आणि मग तोही धूसर. आता ताईला खिडकी कुठे आहे एवढं कळतं. घरात ती भिंतीला हात न लावता फिरते, गॅसची बटणं हाताने ओळखते, कोण आलं ते पावलांवरून सांगते. भाऊजी आता दुकान दुपारीच बंद करतात. बैल गेला नि झोपा केला, असं मी म्हणणार होते, पण त्यांचं तोंड बघून नाही म्हणाले.

परवा मी गेले होते. ताई मटार सोलत होती, मी समोर बसून सोलू लागत होते. भाऊजी आले, हात धुतले, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"मला तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "तू समुद्र पाहिला नाहीस. मला माहीत आहे. तुला त्या संध्याकाळी काही दिसलं नव्हतं."

ताईचे हात थांबले नाहीत. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लाट आली तेव्हाच कळलं मला. हात धरला होता तुझ्या डोळ्यांपुढे."

आता तिचे हात थांबले. शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. जन्मभर तेच म्हणत आली होती. भाऊजींनाही तेच वाटलं असणार. ते पुढे वाकून बसले होते, ते ऐकायला.

"म्हणजे तिथेच कळलं," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या संध्याकाळी."

"हो."

"मी सकाळी चपला घालून ओसरीत बसले होते," ताई म्हणाली. "म्हटलं, तुम्ही पंपाकडून आलात की जाऊ. गाडी आली तरी बसले होते. मग स्वतःला सांगितलं, की ह्यांना कळलंच नाही. कळलं असतं तर नेलं असतं. इतकी वर्षं मी हेच सांगत आले स्वतःला. आता काय सांगू?"